वर घेतलेलं हँडल

अण्णा, आज ऑफिसात पुण्याहून आलेला एक सहकारी सकाळपासून हात झटकत बसला होता. पुढे वाकून चालवायची स्पोर्ट्स बाइक घेतली आहे त्याने, आणि रोज घरून हेब्बाळच्या ऑफिसपर्यंत येता येता त्याची बोटं बधिर होतात. बाहेरून उंच हँडल बसवून मिळतं म्हणे, बसवू का, असं विचारत होता. मी म्हटलं, आजच बसव. इतक्या जोरात म्हटलं की तो बघतच राहिला. मग दिवसभर तुम्हीच डोळ्यांसमोर होता.

नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. आपण के. आर. पुरमला राहायचो आणि पुढच्या खोलीत तुमचं शिवणकाम चालायचं. होसकोट्याच्या कारखान्यातल्या कामगारांचे युनिफॉर्म तुम्ही शिवायचात आणि गठ्ठा मागे बांधून त्या टू-स्ट्रोक मोटरसायकलवरून स्वतः पोचवायचात. तरुणपणी तिला तुम्ही रेसिंगचं हँडल लावून घेतलं होतं, पार खाली, टाकीला लागून. पन्नाशी आली तरी ते तसंच. आई त्या गाडीवर बसायची नाही. पुढचा माणूस असा पालथा पडलेला, मी धरू कशाला, म्हणायची आणि बसने जायची.

एका दुपारी मी काजं करत बसले होते आणि तुमच्या हातून कात्री पडली. तुम्ही ती उचललीत आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुन्हा कापायला घेतलंत. पण त्यानंतर मी बघत राहिले. खाकी कापडावरची खडूची रेघ थरथरते आहे. तुम्ही सारखी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट चोळता आहात. सुईत दोरा ओवून दे, असं तुम्ही मला कधी म्हणाला नव्हतात, त्या आठवड्यात म्हणालात. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "जेवताना घास सांडतो त्यांचा. मला वाटलं, मलाच दिसतंय."

तुम्ही गप्प का होता ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. तुमचे थोरले भाऊ, आमचे दोड्डप्पा, त्यांचं दुखणं हातापासूनच सुरू झालं होतं. मग पाय गेला, मग वाचा. त्यांना अंघोळ तुम्ही घालायचात, भरवायचात तुम्ही. आपलीही पाळी आली, असं तुम्ही मनाशी धरून बसला होतात. आईने दोन दिवस तुमच्याशी बोलणं टाकलं तेव्हा कुठे तुम्ही डॉक्टरकडे यायला तयार झालात. तेही बसने नाही. मला मागे बसवून, मोटरसायकलवरून.

डॉक्टर वयस्क होते, कन्नड बोलायचे, घाई अजिबात नव्हती. त्यांनी तुम्हाला चालायला लावलं, जीभ बघितली, कोपरावर टिचकी मारली. एकाच हाताला होतं का, असं विचारलं. तुम्ही म्हणालात, दोन्ही, उजव्याला जास्त. मग त्यांनी खिडकीतून खाली उभी असलेली गाडी पाहिली आणि तुम्हाला टेबलासमोर स्टुलावर बसवून सांगितलं, गाडीवर बसता तसं बसून दाखवा. तुम्ही वाकलात. सगळा भार टेबलाच्या कडेवर टेकलेल्या तळव्यांवर आला, आणि आपण काय करतो आहोत हे तुमचं तुम्हालाच दिसलं असावं, कारण तुम्ही तसेच थिजलात. डॉक्टरांनी करंगळीच्या बाजूला तळव्यात अंगठा दाबला. तुम्ही कळवळलात. ते म्हणाले, "इथली नस दबते आहे. भावासारखं काही नाही. हँडल वर घ्या."

तुम्ही विचारलंत, नक्की? त्यांनी मान हलवली. तुम्ही पुन्हा विचारलंत. खाली आल्यावर तुम्ही चष्मा काढून शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसत राहिलात. मीही मुद्दाम रस्त्याकडे बघत उभी राहिले. छातीवरून कुणी तरी मोठं ओझं उचलून नेल्यासारखं वाटत होतं आणि मला उगाचच खूप भूक लागली होती.

तरी हँडल बदलायला तुम्ही खळखळ केलीतच. म्हातारपणाची गाडी दिसेल, म्हणालात. आईने हातातलं काम न थांबवता दारातून सांगितलं, "वर घ्या. मग मीही बसेन मागे." दुसऱ्याच दिवशी तुम्ही जे. सी. रोडवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून उंच हँडल आणलंत. मेकॅनिकने ते जुन्याच केबलींवर ओढूनताणून बसवलं. तुम्ही गाडी जागेवरच सुरू करून हँडल पूर्ण डावीकडे वळवलंत, तर इंजिन आपोआप घोंगावायला लागलं, ॲक्सिलरेटरची केबल ताणली जात होती. तो म्हणाला, स्वल्प आहे, चालतं. तुम्ही किल्ली काढून घेतलीत. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर, तिन्ही लांब केबली घातल्याशिवाय तुम्ही गाडी हलवू दिली नाहीत. त्या रविवारी आई तयार होऊन आली, सरी, ठीक आहे, चला, म्हणाली आणि तुमच्या खांद्यावर हात ठेवून बसली. तुम्ही ताठ बसला होता, खुर्चीत बसल्यासारखे. मला वाटलं, कोपऱ्यापर्यंत जाऊन याल. तुम्ही अंधार पडायच्या बेताला परत आलात. आईचा अंबाडा सुटला होता आणि ती कुठे गेलो होतो ते सांगत नव्हती.

बोटं लगेच सुधारली नाहीत. पण एका सकाळी तुम्ही नव्या ताग्यावरून हात फिरवला, थांबलात, पुन्हा फिरवला. "कापड कळतंय," एवढंच म्हणालात. त्यानंतर पुष्कळ वर्षं तुम्ही शिवत होता. गेलात ते वेगळ्याच दुखण्याने, आणि शेवटच्या दिवशीही माझा हात असा घट्ट धरला होतात की मला सोडवून घ्यावा लागला. लोक तुमचं जाणं आठवतात. मला डॉक्टरांचा तो जिना उतरतानाचा दिवस आठवतो, आणि बरं वाटतं.

हे पाठवणार तरी कुठे. पण एक सांगून टाकते. मला त्या मोटरसायकलची भीती वाटायची, उंच हँडल आल्यावरही. मागे बसले की मी डोळे गच्च मिटून घ्यायची. उतरल्यावर तुम्ही दर वेळी विचारायचात, मजा आली ना, आणि मी हो म्हणायची. आत्ता समोर येऊन विचारलंत, तरी होच म्हणेन.