पाहुण्यांच्या खोलीतली डबी

खौला मावशी,

तुझ्या दोन्ही हातांना मुका. गुडघे कसे आहेत? पालिकेच्या जिन्यांवरून अजून साहेबांची कॉफी वाहतेस ना? देव तुझी कंबर शाबूत ठेवो. आम्ही बरे आहोत. म्हणजे मी घाबरलेय, पण तशी बरी. (मुरादला हे सांगू नकोस. तो म्हणतो, बायको पालीलाही घाबरते. घाबरतेच. पाल काय माझी बहीण आहे?)

तर झालं असं. अम्मानच्या विद्यापीठात शिकणारी तमारा म्हणून एक पोरगी आमच्या गल्लीत आली आणि घराघरात एक पांढरी डबी देऊन गेली. ही डबी घरातला उकाडा मोजते आणि पोटात लिहून ठेवते. ती मोजणी पालिकेला द्यायची, मग ज्या गल्लीत जास्त उकाडा तिथली छपरं पांढरी रंगवणार, झाडं लावणार. मला म्हणाली, "ताई, झोपता तिथंच ठेवा हं." आम्ही झोपतो गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, तुला माहीतच आहे. पण सासूबाईंनी डबी हातातून ओढली. "विद्यापीठाची वस्तू, आणि लंगोटांच्या ढिगात ठेवतेस? मुरादच्या आईला, या उम्म मुरादला, पाहुण्याचा मान कळत नाही म्हणतील लोक!" डबी गेली खाली पाहुण्यांच्या खोलीत. जाड भिंती, जाड पडदे, आणि डबीखाली विणलेला रुमाल. त्या खोलीत आम्हाला पाय टाकायची सोय नाही, ती पाहुण्यांची. (तीन वर्षांत दोन आले. त्यातला एक घर चुकला होता.)

महिन्यानं तमारा नाचतच आली. "ताई, तुमची गल्ली म्हणजे चमत्कार! बाहेर भट्टी, घरात विहीर!" मावशी, बावीसच्या बावीस घरांनी डबी पाहुण्यांच्या खोलीत ठेवली होती. शेजारच्या उम्म नादिरनं तर डबीपुढे रोज खजूर मांडले. आता तमारानं लिहून दिलंय, या गल्लीला काही नको. रविवारी पालिकेत बैठक आहे, त्यात आमचं नाव कटणार.

आणि माझा यमान सात महिन्यांचा. गेल्या आठवड्यात एका दुपारी लाल झाला आणि रडायचाच थांबला. रडतं पोर बरं गं, गप्प झालेलं नको. दवाखान्यातली बाई म्हणाली, "थंड जागी ठेव त्याला." कुठली थंड जागा? कोथिंबिरीसारखा पाण्यात उभा करू? सासूबाईंना विचारलं, खाली निजवू का, तर म्हणाल्या, "आणि पाहुणे आले म्हणजे?" मग वाटलं तमाराला खरं सांगावं. पण सांगितलं तर पालिकेचे लोक वर बघायला येणार, आणि वरची खोली त्यांच्या कागदावर नाहीच. परवानगी कुणी काढली होती! पाडली तर? दुपारभर मी त्याच्या छातीवर हात ठेवून बसते, हलतेय का बघत. स्वतः श्वास घ्यायला विसरते.

असो. मी काही मागत नाहीये. मन हलकं केलं. तूही कुणाला बोलू नकोस.

तुझी भित्री भाची,
शुरूक

ता.क. सोबत खारवलेल्या जैतुनाची बरणी आहे. पिशवीच्या तळाशी फडक्यात ती डबी आहे, खारं पाणी लागू देऊ नकोस. तमारानं परत मोजायला ठेवली होती. या वेळी चार दिवस यमानच्या उशाशी होती. आत काय लिहिलंय मला कळत नाही. खाली रुमालावर मी तशीच पांढरी साबणाची वडी ठेवलीय, सासूबाई रोज तिचीच धूळ पुसतात.

आणखी ता.क. रविवारी कॉफी फिरवशील तेव्हा डबी तमाराच्या बशीशेजारी ठेव. एवढंच म्हण, "ही लेकरू झोपतं त्या खोलीतली." बाकीच्या बायका लाजतायत, म्हणून नाव माझं सांग.

शेवटचं. खोली बघायला आले तर येऊ देत. पाडली तर तू रडू नकोस, मावशी. मग आम्हाला निजायला घरात एकच जागा उरते, आणि तिथले पडदे जाड आहेत.