देविदासचे शेवटचे शब्द

नरसी नामदेव

याडी,

देविदास तुमाला, आपल्या आईला, याडी म्हणायचा, म्हणून मीबी म्हणतो. आज सकाळी तुमचा फोन आला. तांड्यावर त्याच्या नावाचा दगड बसवून राहिले, त्यावर त्याचे शेवटचे शब्द कोरायचे हायेत.

"भागवत, लेकरा, बराबर सांग. काय म्हणला होता माझा देवा?"

मी सांगितलं, "दादा, तुमी पुढं व्हा, माझी फिकीर करू नका."

याडी, तो असं म्हणलाच न्हाई. हे पत्र मी टाकणार न्हाई. त्या कामाबद्दल बोलायची मनाई हाय, पण खरं कारण ते न्हाई. तुमी मला लेकरू म्हणता, ते मला गमवायचं न्हाई.

लढाई सुरू होती. आमा सहा कमांडोंना गुपचूप सरहद्दीपार धाडलं होतं, मी म्होरक्या. बर्फात देविदासचा पाय मोडला. दुश्मनाच्या चौकीवर वेळेत पोचायचं होतं. बाकीचे चौघं म्हणले, उचलून नेऊ. मीच नको म्हणलो.

त्यानं माझी बाही धरली. "दादा, मला सोडून जाऊ नका."

मी त्याची बोटं सोडवली अन् म्हणलो, "उद्या येतो."

चौकी उडवली. दुसऱ्या वाटेनं परत यायला तीन दिवस लागले. ज्या खडकाच्या आडोशाला त्याला बसवलं होतं, तिथं तो नव्हता. मोडका पाय ओढत, आमच्या पावलांच्या मागं मागं, तो लई दूरवर आला होता.

तुमचा गुन्हेगार,
भागवत