कारल्याच्या मांडवाची अर्थिंग

शेलूबाजार, सोमवार सकाळ

गजेंद्ररावले तुमच्या घरचा जावई दौलतराव याचा रामराम पोचो. सासूबाईले नमस्कार सांगजा. त्यायचे गुडघे आता कसे हायेत, अन तुमची हळद शिजून वाळाले पडली का नाही, ते कळवजा. आमच्याकडं सारं खुशाल हाय, म्हणजे घराच्या भिती उभ्या हायेत, म्हैस दूध देऊन राह्यली अन मी जिता हावो. फोनच केला असता, पण फोनमधी चार्जिंग नाही. चार्जिंग काहून नाही, हेच सांगाले हे पत्र लिहून राह्यलो. लखन जीपमधी भाजी घेऊन रिसोडले जाते, तो केनवडले तुमच्या दारात टाकून देईन.

तुमाले माहीतच हाय, आमच्या घरची वायरिंग आमच्या बाबानं केली तवाची. लाकडाच्या पट्ट्या, त्याच्यात कापडी वायर, अन बटनं अशी की दाबले तर बोट दुखते. महिनाभरापूर्वी एका सांजेले घरातली लाइन गेली. शेजारच्या जगदेवच्या घरी चालू, आमच्याच घरी अंधार. तुमच्या ताईनं तुमाले फोन केला, अन तुमी मोठ्या मनानं म्हटलं की आमच्या गावचा रविकांत पाठवतो, लय हुशार पोरगा हाय. आता जावई माणसानं सासुरवाडीच्या माणसाले नाव ठेवू नाही, म्हणून मी ठेवत नाही. फक्त झालं ते सांगतो.

तो आला मोटारसायकलीले बांबूची शिडी आडवी बांधून. (रस्त्यानं येतानी त्या शिडीनं जगदेवच्या ओट्यावरचा माठ फोडला, ते अलग.) चहा पेला, भितीले कान लावला, टेस्टर दोन जागी टोचला अन म्हणे, काका, लाइन एका वायरीतून घरात येते अन दुसऱ्या वायरीतून परत जाते, तुमची परत जायची वायर भितीत कुठंतरी तुटली. मी म्हटलं, मंग शोध. तर तो माह्याकडं अशा नजरेनं पाहे, का मी त्याले विहीर खोदाले सांगतली. फॉल्ट शोधत बसणारा मिस्त्री उपाशी मरते म्हणे, फॉल्टले वळसा घालाचा अन पुढं चालाचं. डॉक्टरनं असं म्हटलं असतं तर मी दवाखान्यातून पळून आलो असतो, पण मिस्त्रीपुढं माणसाची अक्कल चालत नाही.

वळसा त्यानं असा घातला. फ्यूजही सारखा उडत होता, तर फ्यूजच्या बारीक तारेच्या जागी त्यानं परसातल्या कारल्याच्या मांडवासाठी आणून ठेवलेली जाड तार तोडून बसवली. आता उडनच नाही म्हणे. (खरंच उडला नाही. बाकी सारं उडालं.) मंग परत जायच्या वायरीसाठी परसात जमिनीत एक लोखंडी रॉड ठोकाले निघाला, अन तिथंच त्याले आपला मांडव दिसला. लोखंडाचे अँगल जमिनीत गाडलेले, वरतून तारंच तारं. गजेंद्रराव, त्या पोराच्या डोळ्यात पाणी यायचंच बाकी होतं. एवढी मोठी अर्थिंग तयार असून रॉड कायले ठोकाचा म्हणे. घरातली वायर त्यानं खिडकीतून काढली अन नेऊन मांडवाले गुंडाळली. लाइन लागली. आमी दोघंही खूश, शेजारचे पाहाले आले, त्याले पुन्हा चहा झाला.

आता पुढची गंमत ऐका. जमीन वाळली का लाइट मंद होये, अन कारल्याले पाणी देलं का लख्ख होये. मंग काय, टीव्हीवर तुमच्या ताईची मालिका लागली का मी बादली घेऊन परसात. पाहुणे आले का मी बादली घेऊन परसात. जगदेव मले विचारे, दौलतराव, तुमी कारल्याले पाणी देता का बल्बाले. कारले मात्र असे लागले का पाहत राहाव. मी तर मनात म्हटलं होतं, हा रविकांत शेतीखात्यात पाहिजे होता. मोरीतल्या नळाले हात लावला का मुंग्या येत, ते आमी थंडीवर ढकललं.

परवा सकाळी तुमची ताई टोपलं घेऊन कारले तोडाले गेली. बाजाराचा दिवस, घाई. त्याच वेळेले घरात कोणीतरी आंघोळीच्या पाण्यासाठी बादलीत गरम पाण्याचा रॉड लावला. (घरात त्या वेळेले मी एकटाच होतो, पण ते काही महत्त्वाचं नाही.) परसातून असा आवाज आला का माह्या हातचा लोटा सुटला. धावत जाऊन पाहतो तर टोपलं एकीकडं, कारले साऱ्या परसात, अन तुमची ताई जमिनीवर बसलेली, हात छातीशी धरून, तोंड पांढरं फटक. मी बटन बंद कराले घरात पळालो, पुन्हा बाहेर पळालो. त्या ओल्या जमिनीवर पायात रबरी चप्पल होती म्हणून मी तुमाले हे पत्र लिहून राह्यलो, नाहीतर दुसरं पत्र लिहा लागलं असतं. ज्या मांडवाचे वेल तिनं आपल्या हातानं चढवले, त्या मांडवानं तिलेच धराव. अन तेही एका वायरीच्या आळसापायी. मले अजूनही खरं वाटत नाही.

दवाखान्यात नेली, सारं ठीक निघालं. तिथून घरी न येता बाई सरळ बसस्टँडवर. मले फक्त एवढंच म्हणे, ज्या घरात कारल्याले हात लावाची भीती, त्या घरात मी येत नाही. पिशवीही नेली नाही. घरी येताच मी मेनचा फ्यूज उपसून खिशात टाकला, तो अजून खिशातच हाय. अनसिंगचा सेवादास मिस्त्री आणला. त्यानं मांडवाची वायर पाहून कानाले हात लावले, म्हणे पाण्याच्या रॉडसारखं जड काही लावलं का सारी लाइन मांडवात उतरते. साऱ्या पट्ट्या उपटून तो नवी वायरिंग करून राह्यला, अजून आठ-दहा दिवस लागतीन.

माहं म्हणाल तर मजेत हाय. भाकर मीच थापतो. (म्हैस आवडीनं खाते.) तुमच्या ताईले सांगजा, घाई नाही, पाहिजे तितके दिवस माहेरी राहा म्हणाव. मी काही न्याले येणार नाही. बोलावल्याशिवाय जावई सासुरवाडीले गेला तर लोकं काय म्हणतीन. फक्त त्या रविकांतले चार गोष्टी सुनवा, एवढ्यासाठी पत्र.

तुमचा,
दौलतराव

ता. क. वर घाई नाही असं लिहिलं, ते सासूबाईले वाचून दाखवाले लिहिलं. तुमी हळूच ताईचा कानोसा घ्या. जेवते का, हात दुखते का, माहं नाव काढते का. नाव घेऊन शिव्या देत असन तरी कळवजा. घर लय सुनं वाटते.

आणखी ता. क. लखन आला, जीप चालू ठेवून उभा हाय. तो म्हणते, काल तुमच्या दारात शिडी बांधलेली मोटारसायकल उभी होती, अन एक पोरगा तुमच्या दोडक्याच्या मांडवाभवती फिरून राह्यला होता. ताई टोपलं घेऊन अंगणातच होती म्हणते. लखनच्या फोनवरून तुमाले लावून पायलं, तर तुमचा फोन बंद. म्हणजे चार्जिंग नाही. म्हणजे लाइन गेली. म्हणजे तुमी त्यालेच बोलावलं.

शेवटचं. हे पत्र लखनजवळ देत नाही, मीच जीपमधी बसलो. तुमी हे वाचान तवा मी तुमच्या अंगणात उभा असन, चहा ठेवजा, पण दोडके कोणाले तोडू देऊ नका. ताईले आधीच सांगून ठेवा, घरात अंधार हाय, पण कारल्याले हात लावता येते. अन फ्यूज माह्या खिशात हाय, तो तिच्याच हातानं लावाचा.