हापशाची सावली

डिंगोरे,
४ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. वैजयंतीस,

तुझ्या सासूचे अनेक आशीर्वाद. सूरजलाही आशीर्वाद, आणि माझ्या श्रेयाचा एक गालगुच्चा.

इकडं सगळं बरं आहे. गाय व्यायली, कालवड झाली. कांद्याची रोपं टाकलीत. दसऱ्याला तुम्ही आला नाहीत, तर यांनी जेवताना तीनदा विचारलं, "पोरांचा फोन आला का?" तिसऱ्यांदा मी पुरणपोळीच वाढली, म्हणजे तोंड बंद राहील.

फोन असताना सासू पत्र कशाला लिहिते, म्हणशील. फोनवर तू 'हं' म्हणतेस, मी 'बरं' म्हणते आणि दोघी ठेवून देतो. शेजारचा भरत उद्या टोमॅटो घेऊन चाकणला येतोय, त्याच्या हाती हे देते.

आधी गंमत सांगते. उन्हाळ्यात तू आणलेली ती जाड रंगीत खडूंची बादली मी माळ्यावर टाकली होती. पाऊस थांबून अंगणातला कोबा वाळला, तशी खाली काढली. भरतचा पप्पू आणि संस्कृती शाळा सुटली की आमच्याकडंच असतात. त्यांनी कोब्यावर ओझरपर्यंतचा रस्ता काढलाय. त्यावर देऊळ आहे, पेट्रोल पंप आहे, आणि पप्पू पोलीस होऊन माझ्या कोंबड्यांनासुद्धा अडवतो. मग एकानं उताणं झोपायचं, दुसऱ्यानं त्याच्याभोवती खडू फिरवायचा, आणि त्या माणसाला कपडे, मिशा, चष्मा काढायचा. परवा यांनाच झोपवलं. हे म्हणतात, "पोरी, पोट जरा आत घिऊन काढ." संस्कृती म्हणाली, "आबा, हाय तेवढंच काढलंय." मी ठिकरी खेळते. गुडघ्यामुळं लंगडी घालता येत नाही, दोन्ही पायांनी उडी मारते, आणि पोरं लगेच आउट देतात. लई चिडके आहेत दोघं.

पण खरी सांगायची गोष्ट हापशाची. अंगणाच्या कोपऱ्यातला तो कोरडा हापसा उपटून टाका म्हणून तू किती वर्षं सांगतेस. तो आता कामाला लागलाय. दुपार कलली की त्याची सावली कोब्यावर लांब लांब जाते. मी तिथं पिवळ्या खडूनं जाड रेघ मारलीय. सावलीचं टोक रेघेला टेकलं की खेळ बंद, सगळी घरात. दिवस मावळायला तेव्हा चांगला तासभर बाकी असतो. सावली रोज जरा बाजूला सरकते, मग चार दिवसांनी रेघही वाढवायची. आभाळ आलं की सावली नाही, म्हणून खेळही नाही. आता मला हाक मारावी लागत नाही. पप्पूच ओरडतो, "आज्जे, रेघ आली, चल आत!" तेव्हा मलासुद्धा उठावं लागतं.

हाकेचं लिहिलं आणि हात थांबला बघ. मघापासून त्याच्याच भोवती फिरतेय.

मे महिन्यात उसातून बिबट्या वाघ आला आणि अंगणातून आपल्या काळू कुत्र्याला घेऊन गेला. श्रेया तिथून चार हात अंतरावर खडू धरून उभी होती. त्या दिवशी तू बाहेरून परत आलीस तेव्हा मी तुला सांगितलं, की मी भाकरी थापत होते, पोरीला दोनदा आत बोलावलं, तिनं ऐकलं नाही. तू आधीच घाबरलेली. तू तिला चापट मारलीस. मी बघत राहिले.

वैजू, मी भाकरी थापत नव्हते. आत टीव्हीसमोर बसले होते, मालिका रंगात आली होती. आणि हाक मी मारलीच नव्हती. हाक तिनं मारली होती. "आजी, ये ना, बघ मी काय काढलंय." दोनदा. मी दोन्ही वेळा बसल्या जागेवरून "आले, आले" म्हटलं. बाहेर अंधारून आलं होतं आणि मला त्याचं भानही नव्हतं.

तू मला काय म्हणशील, सूरज काय म्हणेल, याची भीती वाटली. सात वर्षांच्या पोरीवर ढकललं, कारण ती उलटून बोलणार नव्हती. याची मला फार लाज वाटते. एवढे महिने वाटलं, पोर आहे, विसरून जाईल. पण दसऱ्याला तू फोन तिच्याकडं दिलास ना, तेव्हा ती हळूच म्हणाली, "आजी, मी आता पहिल्या हाकेला येईन. मग मला तिकडं नेशील?"

म्हणजे तिला स्वतःलाही आता ते खरं वाटायला लागलंय.

यांना आज सकाळी धार काढताना सगळं सांगितलं. यांनी वर पाहिलं नाही. म्हणाले, "मला सांगून काय उपेग? पोरीला सांग."

म्हणून लिहिते. दिवाळीला तिला पाठव असं म्हणायला मला तोंड नाही. मला लई वाटतं तिनं यावं, हापशाची रेघ तिनं मारावी, मी तिच्या शेजारी पाट टाकून बसेन, उठणार नाही. पण तुझा विश्वास बसत नसेल तर नको पाठवू, मी रुसणार नाही. एवढं मात्र कर. हे पत्र मिळेल त्याच दिवशी तिला जवळ घे आणि सांग, की तू कुणाची हाक टाळली नव्हतीस. आजी खोटं बोलली. हवं तर हा कागदच वाचून दाखव. आणि ती चापट माझ्या वाट्याची होती, तेही सांग.

त्या संध्याकाळी तिनं काय काढलं होतं, ते मी नंतर पाहिलं. हापशाशेजारी मी होते. नऊवारी, मोठं कुंकू, आणि माझा हात धरलेली ती. पहिल्या वळवात ते धुऊन गेलं.

तिच्या दोन हाकांना न उठलेली,
आजी प्रयागबाई