दांडी थांबेपर्यंत

बाबा,

मोंढ्यात आता दांडीचे काटे राहिले नाहीत. इलेक्ट्रॉनिक काट्यावर पोतं ठेवलं की वजन तारेतून थेट संगणकात जातं, आणि ते घेणारा प्रोग्राम मी लिहिला आहे. शेतकऱ्याचं माप बराबर पडावं, यासाठीच हे काम मागून घेतलं. जवळा बाजारच्या ज्या आडतीत तुम्ही मापाड्याचा बिल्ला लावून जन्म काढला, तिच्याच ओट्यावर मागच्या महिन्यात तो प्रोग्राम बसवायला गेले. पहिल्या पोत्याला तुमच्यासारखंच 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणाले, तर हमाल खूश झाले. पण तिसऱ्या पोत्याला पडद्यावर वजन आलं, सहा किलो. सोयाबीन घेऊन आलेल्या बाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काहून वं पोरी, मंग दोन गडी कशाला लावले उचलाया? म्या कडेवर आणलं असतं की!"

चूक माझी होती. काटा आकडा एकदम पाठवत नाही, एकेक अक्षर पाठवतो. माझा प्रोग्राम एका तारेपाशी थांबून राहत नाही. डोकावतो, आलं असेल तेवढं उचलतो, नसेल तर पुढच्या काट्याकडे जातो. तसं करावंच लागतं, नाहीतर एक काटा गप्प बसला की सगळे अडतात. पण उचललेलं पूर्ण आहे की अर्धं, हे मी पाहिलंच नव्हतं. साठ किलो चारशे ग्रॅममधला नुसता सहा आला होता आणि मी त्यालाच वजन समजले. मग तिथंच बसून दुरुस्त केलं. आलेले तुकडे जपून ठेवायचे, पुढचे त्यांना जोडायचे, आणि ओळ संपल्याची खूण आल्याशिवाय त्याला वजन म्हणायचं नाही.

हे तुम्ही मला नववीतच सांगितलं होतं. सुट्टीत डबा घेऊन यायचे आणि तुम्ही पुकारलेली वजनं वहीत लिहायचे. एकदा दांडी हलत असतानाच मी आकडा लिहून मोकळी झाले. तुम्ही सगळ्यांदेखत वही ओढून घेतलीत. "दांडी थांबू दे. ती बोलून राहिली अजून. घाई तुला हाय, तिला न्हाई." मी दिवसभर रुसले होते.

आणि मग ती सकाळ. लकव्यानंतर तुमचं बोलणं तुकड्यातुकड्यानं येतं. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा आहे, वसमतची बस फाट्यावर उभी आहे. बाजेवरून तुम्ही हात वर करता. "माय, त्या... पेटीत..." ओठ हलताहेत, डोळे माझ्यावर आहेत. माझा एक पाय उंबऱ्याबाहेर. "कळलं बाबा, आल्यावर बघते." कळलं काहीच नव्हतं. चौथ्या दिवशी निरोप आला.

पेटीत तुमचा बिल्ला होता, माझी दहावीची गुणपत्रिका होती, आणि आईचं एक घडीही न मोडलेलं लुगडं. यातलं कशाबद्दल बोलत होतात? की आणखी काही होतं, जे मला दिसलंच नाही? प्रोग्रामात मी आता मुदत घातली आहे. दोन सेकंदांत उरलेलं आलं नाही, तर अर्धं टाकून द्यायचं आणि पोतं पुन्हा ठेवायला सांगायचं. तुम्हाला मी दोन सेकंदही दिले नाहीत. आणि तुमचं अर्धं टाकवतही नाही.

दहाव्याला आईनं विचारलं, "तू निघाली तवा काय म्हणले व्हते गं ते?" तिचं तोंड बघवेना. मी म्हणाले, "पेटीतलं लुगडं तिला नेसाया सांग, म्हणले." तेव्हापासून ती प्रत्येक लग्नाला तेच नेसते. दोनदा रफू झालंय. कोणी हसलं तर म्हणते, "त्यायचा शेवटचा शब्द हाय."

हे पत्र पेटीत ठेवणार होते. पण आई पेटी उघडते, आणि शेजारच्या पोरीकडून वाचून घेईल. म्हणून माझ्याच बॅगेत राहू देते. शेवटच्या शब्दातलं पुढचं अर्धं माझं होतं, हे तिला अजून सांगितलेलं नाही.