सातव्या महिन्यातला उपाशी ड्रॅगन

तायपिंग,
सातव्या महिन्याची वीस तारीख

आदरणीय थोरले काका यांस,

पुतणी स्यू म्यान हिचा वाकून नमस्कार. काकूंचे गुडघे आता जिना चढू देतात का? तुमचा खोकला कसा आहे? इकडे बाबा, आमा (म्हणजे तुमची आई, नववर्षाखेरीज तुमचं येणं होत नाही म्हणून आठवण दिली) आणि तुमचा अरोवाना, म्हणजे दुकानाला बरकत आणणारा तो ड्रॅगन-मासा, सगळे ठणठणीत आहेत. पुढच्या महिन्यात इपोहला दुकान उघडाल, तेव्हा टाकीतला मासा अंगाने भरलेला, चमकदार आणि खात्यापित्या घरचा दिसेल, याची खात्री बाळगा.

"घरात कॉलेज शिकलेली तूच," असं म्हणून तुम्ही ते वीतभर पिल्लू माझ्या हवाली केलंत, त्याच दिवशी मी त्याच्या खाण्याची वही सुरू केली. दिवसातून दोनदा, थोडंथोडं: सालासकट कोळंबी (डोक्यावरचा काटा कापून), भोपळा खाऊ घातलेले रातकिडे (मागचे काटेरी पाय काढून, प्रत्येकाची मी मनात माफी मागते) आणि चरबीदार अळ्या अगदी क्वचित. पण विकणाऱ्याने त्याला अळ्यांचीच चटक लावलेली. कोळंबी दिसली की तो असं तोंड फिरवायचा, जणू मी ती आधी चघळून दिली आहे. मासे पाळण्याचं पुस्तक सांगतं, धडधाकट पिल्लू काही दिवस उपाशी राहिलं तर बिघडत नाही, भूक लागली की निमूट खातं. मी अळ्या बंद केल्या. आठ दिवस कोळंबी जशीच्या तशी बाहेर काढली, आणि मासा मात्र जाड होत गेला. (मी काचेला पट्टी लावून दोनदा मोजलं.)

मग लक्षात आलं की घरात डास वाढलेत आणि भिंतीवर एकही पाल नाही. बाबा रबरबँडने पाली पाडत होते आणि आमा त्या शेपटीला धरून टाकीत सोडत होती. माझी चूक एवढीच की माशाला उपास मी सातव्या महिन्यात, भुतांच्या महिन्यात, घडवला. मी आमाला समजावलं की भिंतीवरच्या पालीच्या पोटात जंत असतात. ती म्हणाली, "अगं, या महिन्यात परक्यांच्या उपाशी भुतांनाही आपण रस्त्यावर पान वाढतो. आणि घरातल्या ड्रॅगनला तू वही दाखवतेस? उद्या दुकान बसलं तर तुझा काका काय, वही विकेल?" बाबा म्हणाले, त्यांनी फक्त नेम धरला.

मी वाद घातला नाही. कोळंबी पूर्वजांच्या ताटात ठेवली. उदबत्त्या जळून गेल्यावर, पूर्वजांचं जेवून झालं असं समजून आमाने स्वतःच ती उचलून टाकीवर धरली. माशाने उडी मारून सालासकट गट्ट केली. तेव्हापासून दोन्ही वेळा कोळंबी किंवा रातकिडे, आणि आठवड्यातून एक दिवस लंघन. (तो त्याचा शाकाहाराचा वार आहे, असं मी आमाला सांगितलंय.) तेव्हा निश्चिंत असा. अभ्यास वाया जात नाही.

आपली आज्ञाधारक,
स्यू म्यान

ता. क. मासा खातो तो आमाच्याच हातून. मी तीच कोळंबी, त्याच उदबत्त्या वापरून, आमाचा सदरा घालूनसुद्धा पाहिलं.

ता. क. २. खोटं लिहवत नाही. उपासाच्या पाचव्या दिवशी पहाटे मीही एक अळी टाकली होती. दोन.

ता. क. ३. माशाबरोबर इपोहला यायला आमाने पेटी भरली आहे. शेजारणींना सांगते, "मुलाकडे नाही जात बाई, माशाच्या जेवणाचं बघायला जाते." तिच्यासाठी खोली नाही, हे तुम्ही सहा वर्षं सांगताय. पण तुम्ही पाठवलेल्या दुकानाच्या नकाशात वरच्या मजल्यावर 'माशाचं खाणं व सामान' अशी एक खोली आहे, खिडकीसकट. माशाचं सगळं खाणं आमच्या फ्रिजच्या एका कप्प्यात मावतं. मी मोजलं आहे.