बालक सुवर्णवर्ण आहे

यवतमाळ,
दि. १२ जानेवारी २००६

चिरंजीव धम्मरत्न जावईबुवा यांस,
भीमराजचा सप्रेम जयभीम.

लेखणी उचलण्याचे कारण एवढेच, की आपण दूरध्वनीवर फार हसता. मी मुख उघडताच श्रोतृवर्ग हास्यास सिद्ध होतो, हा नेरच्या शाळेत आजन्म संस्कृत शिकविल्याचा परिपाक. काल रात्री आपल्या शेजाऱ्यांकडे फोन केला तो एक वार्ता निवेदन करण्यासाठी. 'बालक' एवढेच उच्चारले आणि आपण हसलात. मग मी थंडी, एस.टी. आणि माझा संधिवात या विषयांवर प्रवचन करून यंत्र खाली ठेवले. आज ते धाडस पुन्हा नको. किसनसिंग कोळसा भरायला ट्रक घेऊन वणीला निघाला आहे. हे पत्र त्याच्या हाती देत आहे.

प्रियंकाची प्रकृती ठीक आहे. आपल्या सासूबाई रुखमाबाई यांनी तिला डिंकाचे लाडू चारण्याचे व्रत अंगीकारले असून ते भंगण्याची चिन्हे नाहीत. नेरच्या खरेदी केंद्राचा काटा पुनश्च बंद पडल्याने कापसाच्या बंड्यांची रांग पार शाळेपर्यंत पोहोचली आहे. माझ्या 'रघु'शब्दाची रूपे मुलांपेक्षा बैलांनाच अधिक पाठ झाली असावीत.

पत्रारंभी यवतमाळचे नाव वाचून आपण थबकला असाल. तिकडेच येतो आहे.

बालक घरी आल्यापासून दाई वच्छलाबाई नित्य हळद-तेलाने त्याचे अंगमर्दन करीत. वारा लागू नये म्हणून खोलीच्या खिडकीला गोधडी. त्या संधिप्रकाशात नातू पिवळाधमक दिसे. आळीतल्या स्त्रिया कांतीची स्तुती करून जात. मी तर 'बालक सुवर्णवर्ण आहे' अशी द्वाही फिरविली. आपणांसही तेच कळविले, आणि आपण खाणीवर पेढे वाटलेत.

शंका आली ती प्रियंकालाच. परवा सकाळी ती त्याला घेऊन अंगणात, उन्हात जाऊन उभी राहिली. सव्वा महिन्याच्या आत बाळंतीण उंबरठ्याबाहेर, म्हणून रुखमाबाई रागावत बाहेर आल्या.

"माय, आज हळद लावूच नाई देल्ली मी," प्रियंका म्हणाली. "त्याचे डोये पाह्य."

डोळ्यांना कोणी हळद लावीत नाही, जावईबुवा.

त्यास कावीळ आहे. हा एक शब्द लिहिण्यास मला एवढा मजकूर खर्चावा लागला.

दूध ओढीत नव्हता. जागे केले तरी पुन्हा मिटून जाई. तत्काळ जीप ठरविली, ती खरेदी केंद्रासमोर बंड्यांत अडकली. मी खाली उतरलो. विनवणीसाठी एक शब्द सुचला असेल तर शपथ. पुढच्या बंडीवर देवसिंग होता, तांड्यावरचा, माझा जुना विद्यार्थी. त्याने जीपमध्ये डोकावले, मग माझ्याकडे पाहिले.

"मास्तर, तुमी बोलून नाई राह्यले," तो म्हणाला आणि बैल जुंपून त्याने आपली बंडी नालीत उतरविली. त्याच्यामागे दुसऱ्याने, तिसऱ्याने. इतक्या दिवसांची राखलेली जागा त्यांनी सोडली, कापूस धुळीत सांडला. कोणी काही विचारले नाही. मी आभारही मानले नाहीत.

येथे यवतमाळच्या इस्पितळात त्यास काचेच्या पेटीत, निळ्या दिव्यांखाली, डोळ्यांवर पट्टी बांधून निजविले आहे. मला आत प्रवेश नाही. दारावरच्या काचेतून पाहतो, तर त्या निळाईत रंगच कळत नाही. पिवळेपणा उतरला की चढला, हे मी कपाळ टेकवून ताडू पाहतो आणि परिचारिका मला बाजूला करते.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, शांतपणे बोलतात. मायलेकरांचे रक्तगट जुळत नाहीत. त्यामुळे त्याचे रक्त आतल्या आत फुटते आहे. सायंकाळपर्यंत दिव्यांनी उतार पडला नाही तर अंगातले रक्त बदलावे लागेल. त्यात जोखीम आहे. न बदलावे तर मेंदूस इजा. मी माझे रक्त देऊ केले, ते चालणारे निघाले नाही. मग विचारले, "वाचेल ना?" एवढे आखूड वाक्य मी कधी बोललो नव्हतो. त्या म्हणाल्या, "आम्ही प्रयत्न करतोय."

आपल्या घरात नवस बोलण्याची रीत नाही. त्याचा मला नेहमीच अभिमान वाटत आला. काल रात्री मात्र वाटले, कोणाच्या तरी पाया पडता आले असते तर बरे झाले असते. रुखमाबाई डोळे मिटून त्रिसरण म्हणतात. मी त्यांच्याजवळ बसतो. दुसरे काही येत नाही मला.

प्रियंका पेटीपासून हलत नाही. फोनलाही उठत नाही. दारातूनच तिला म्हटले, यजमानांना पत्र लिहितो. ती म्हणाली, "बाबा, गंमत करू नका. त्यायले इतकंच लेहा, का पोरगा हाय."

म्हणून लिहितो. हे लिहीत असताना तो आहे. किसनसिंगच्या ट्रकमध्येच बसा. कपडे बदलू नका, कोळशाच्या अंगाने या.

आपली वाट पाहण्यावाचून काहीही न येणारा,
भीमराज